गाथोगोची शिट्टी

नैरोबीच्या आसपास सायकलीसाठी चांगली वाट असते, या बातमीवर गाथोगोचा आता विश्वास उरला नव्हता. मागच्या रविवारी त्यानं शोधलेली झाडीतली वाट एका नव्या बंगल्याच्या भिंतीवर जाऊन आपटली. मालक खिडकीतून विचारत होता, "जेवायला किती जण?" त्याआधीची वाट गुलाबांच्या मळ्यात शिरली आणि राखणीच्या कुत्र्यांनी अख्ख्या सायकल क्लबाला जन्मात गाठला नव्हता तो वेग गाठून दिला. मंडळी वैतागली. आजही वाट फसली, तर म्होरक्याची शिट्टी गाथोगोच्या गळ्यातून क्लबातल्याच ओगुटूच्या गळ्यात जाणार, हे ठरलंच होतं. आणि ओगुटू नेणार कुठं? मॉलच्या वाहनतळाला प्रदक्षिणा घालायला!

न्गाँगच्या टेकड्यांशी त्यांनी गाडीतून सायकली उतरवल्या, तिथं एक म्हातारा बाभळीखाली शेळ्या राखत बसला होता.

"बाबा, ट्रक नसलेली, खाली उतरणारी वाट कुठं आहे?" गाथोगोनं विचारलं.

म्हाताऱ्यानं ओठ पुढं काढून दिशा दाखवली. "तिथं."

एवढंच. आखूड.

गाथोगोचा जीव भांड्यात पडला. इकडे मैल कुणी सांगत नाही. जागा जितकी लांब, तितका शब्द ताणायचा, सूर वर चढवायचा. गाथोगोची आजी मोम्बासाची दिशा सांगायला सकाळी तोंड उघडायची, ते दुपारच्या चहालाच मिटायचं. तेव्हा हे 'तिथं' म्हणजे अगदी हाकेवर.

"पाणी, मंदाझीचे गोड वडे, सगळं गाडीतच राहू दे," त्यानं फर्मावलं. "गेलो आणि आलो."

गेले. वाट काही येईना. ऊन तापलं, टायरांत काटे घुसले, जिभा टाळूला चिकटल्या.

"तुझं 'तिथं' टांझानियात आहे काय रे?" ओगुटू ओरडला.

"येईलच आता."

"मघापासून येतंयच! घरी कळव, पासपोर्ट घेऊन सीमेवर या म्हणावं."

शेवटी वाट आली, आणि काय वाट! तांबडी, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना झेब्रे वऱ्हाडी मंडळींसारखे उभे. पण वाहवा करायला कुणाच्या घशात ओल नव्हती. शिवाय तेवढंच सगळं परत चढायचं होतं.

दिवस कलताना मंडळी सायकली ढकलत बाभळीपाशी पोचली.

"सापडली?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"बाबा!" गाथोगो कळवळला. "एवढी लांब वाट, आणि तुम्ही इतकुसं 'तिथं' म्हणालात?"

म्हातारा खोकला, बराच वेळ खोकला. "पोरा, जन्मभर कोळशाच्या भट्ट्या लावल्या. छातीत तेवढाच वारा उरलाय. लांबच्या शेळ्यांना हाक मारली, तर त्यासुद्धा मी मागंच उभा आहे समजून वळून बघतात."

गाथोगोनं शिट्टी काढून ओगुटूच्या हातात ठेवली. ओगुटूनं ती ऐटीत ओठांना लावली, गाल फुगवले, डोळे वटारले.

फुस्स.

पुन्हा फुस्स. एका शेळीनं मान वर केली आणि परत चरायला लागली.

"ठेव तुझ्याकडंच," म्हणत त्यानं शिट्टी गाथोगोच्या गळ्यात अडकवली आणि तिथंच जमिनीवर पसरला. "पुढच्या रविवारी पुन्हा त्याच वाटेला, पाणी घेऊन. आणि यापुढं कुणाला वाट विचारण्याआधी त्याला एक गाणं म्हणायला लाव."