एकाच रानातलं पाणी

तबक मला धरू दिलं नाही. आमच्याकडे मागणी घालायला जाताना पान-सुपारीचं तबक भरल्या घरच्या बाईनं धरायचं असतं. तिचा नवरा हयात हवा, मुलं धडधाकट हवीत. थोआनं शेजारणीच्या हातात तबक दिलं आणि मला म्हणाली, "मिएनताई, तू मागं बस हं. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाटलंच. सैन्यात आम्ही दोघी एका झोळीत झोपलो. अमेरिकन विमानं औषध फवारून गेली, रान उभ्या उभ्या वाळलं, आणि खड्ड्यातलं साचलेलं पाणी आम्ही एकाच डब्यानं प्यायलो. पुढे दोघींच्या अंगावर चट्टे उठले. मला साखर झाली, तिला यकृताचं दुखणं. इथवर बरोबरी. पण तिला तीन मुलं, तिन्ही चालती-बोलती. माझ्या मुलीची, लुआची पंचविशी उलटून गेली, तरी अजून मीच तिला भरवते. त्या पाण्यानं मलाच का धरलं? थोआचा धाकटा शीळ घालत सायकलवरून गेला तरी माझा जळफळाट होतो. खोटं कशाला बोलू?

आज त्याच धाकट्यासाठी आलो होतो. थोआनं मुलीकडच्यांना सांगून ठेवलं होतं, की लढाईत ती हनोईला गणवेश शिवायची. फवारलेल्या रानातून आलेल्या बाईच्या घरात मुलगी कोण देतो?

मुलीच्या आईनं तबकावरचं लाल कापड काढलं की होकार. चहा झाला, भातशेतीच्या गप्पा झाल्या, पण मुलीच्या आईचा, सुयेनचा हात काही तबकाकडे जाईना. थोआचं तोंड उतरलं. मग सुयेन मला म्हणाली, "ताई, जरा चुलीपाशी येता?"

तिथं तिनं हळूच विचारलं, "तुम्ही जुन्या मैत्रिणी. या खरंच हनोईला होत्या?"

"कसली हनोई," मी म्हणाले. "माझ्याबरोबर रानात होती. तेच विषारी पाणी प्यायली. माझी मुलगी येऊन बघा आणि मग ठरवा."

बोलून बरं वाटलं. फार बरं वाटलं.

सुयेन पाटावर बसली. "माझे हेही त्याच रानात होते," ती म्हणाली. "आमचा थोरला तसाच झाला, मागच्या खोलीत असतो. पाहुणे आले की आम्ही दार लावून घेतो. चांगल्या घराला फसवायचं जिवावर आलं होतं, म्हणून आज नकारच देणार होते."

"आणि आता?"

"आता कुणी कुणाला फसवायचं? पोरांना सांगू दोघांनाही. त्यांना चालत असेल तर होऊ दे."

बाहेर येऊन सुयेननं सगळं सांगितलं, तर पोरांना ते आधीच माहीत होतं. त्यांनी एकमेकांना केव्हाच सांगून टाकलं होतं. लपवत होत्या त्या आयाच. सुयेननं लाल कापड काढलं, आणि थोआ माझ्या गळ्यात पडून रडली. "ताई, तुझ्यामुळं जुळलं गं."

मी मोडायला गेले होते, हे तिला सांगितलं नाही. वाटभर ती बारशाच्या गप्पा करत होती आणि माझ्या पोटात पुन्हा तीच आग. आता तर दोन्हीकडून तेच पाणी. नातवंड झालं की सगळ्यांत आधी मीच बघायला जाईन. त्याची बोटं मोजेन. ती पुरी भरावीत असं मला तेव्हा वाटेल का, हे आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.