दाराजवळची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. लगेच नाक मुरडू नका! खुर्ची म्हटलं की तुम्हाला मंत्री आठवतात. माझ्यावर मंत्री सोडा, त्याचा पीएसुद्धा कधी बसला नाही. मी बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतली, एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पाचव्या मजल्यावरची, चाकांची साधी काळी खुर्ची.

कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही साठ जणी एका ट्रकमध्ये होतो. काहींना खिडक्या मिळाल्या, माझ्या नशिबी दार आलं. येणारा-जाणारा धक्का मारणार, आणि लगेच पलीकडे बाथरूमचा बोळ. इथे कुणाची जागा ठरलेली नसते. जो आधी येईल त्याने हवी ती धरायची. मला कोण धरणार? महिनाभर अंगावरचं प्लास्टिकही कुणी काढलं नाही.

मग आली प्रमोदिनी, नागपूरची. साडेसातलाच हजर! सगळ्या खिडक्या मोकळ्या असताना ती तडक माझ्यावर येऊन बसली. मला वाटलं, बाई वेडी आहे.

वेडी कसली, चांगली हुशार! तिच्या मोठ्या आतड्याला जुनाट सूज आहे. महिनोन्महिने गप्प राहते, मग एकाएकी उसळते. कळ आली की दोन मिनिटांचीही सवड नसते. म्हणून वेळच्या वेळी गोळ्या, डब्यात मऊ भात, बॅगेत जादा कपडे. हे ऑफिसात फक्त सफाईवाल्या हेमावतीअक्कांना ठाऊक. अक्का इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. बोळ पुसायला घेतला की हळूच सांगायच्या, "घाबरू नको गं, एक बाथरूम मोकळं ठेवलंय तुला. सरी? ठीक ना?"

बाकीचे मात्र कुजबुजायचे, "ही कधी जागेवर सापडेल तर शपथ!" रिकामी खुर्ची सगळ्यांना दिसते हो. वेळेआधी पुरं झालेलं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मला भारी राग यायचा.

यंदा टीम लीडचं पद तिला मिळायचं घाटत होतं. एका सोमवारी ती आली तर काय, तिचा कप, लॅपटॉपचा स्टँड, सगळं पार टोकाच्या खिडकीपाशी मांडलेलं! मॅनेजर सुशांत, पुण्याचा, हौसेनं पुढे आला. "सरप्राइज! आपल्याकडे लीड खिडकीलाच बसतो. ही सीट आता फिक्स. फक्त प्लीज, यापुढे जागेवर दिसत जा. वरून तेवढी एकच कम्प्लेंट आहे."

गप्प बसली तर आजारानं हाल, नाही म्हणाली तर पद गेलं.

प्रमोदिनीनं कप उचलला आणि सरळ माझ्याकडे चालत आली. "सुशांत, मला आतड्यांचा आजार आहे. कायमचा. इथून बाथरूम बावीस पावलांवर आहे, मी मोजलीत. खिडकीपासून शंभर होतील. तेवढी मला प्रत्येक वेळी जमणार नाहीत."

सुशांत चटकन म्हणाला,

"अगं, आधी बोलायचंस ना!"

"लाज वाटत होती. आता नाही वाटत. तीन वर्षांत माझं एक तरी काम अडलंय का, तेवढं सांग."

सुशांतनं डोकं खाजवलं. "एकही नाही."

"मग मी लीड होणार, आणि बसणार इथेच."

काय सांगू, माझी चाकं नाचायची तेवढी राहिली!

आता माझा एक हात सैल झालाय, गादी दबलीय. तक्रार नाही. एकच मागणं आहे, रिकाम्या खुर्चीवरून माणूस जोखू नका.

कालचंच बघा. मीटिंगमध्ये सगळे लॅपटॉप घेऊन माझ्याभोवती जमले होते. प्रमोदिनी मधेच म्हणाली, "पाच मिनिटं हं," आणि उठली. आवाजात ना भीती, ना माफी. तेवढ्यात वरचे साहेब आले, माझ्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "लीड कुठेय तुमची?"

सुशांतनं मान वर न करता सांगितलं, "कामावर आहे सर."