चतुराबाईंच्या पाठीखाली

मी एक जुनी हवेची गादी आहे. वयाने तशी फार नाही. पण मित्रांनो, माझ्यासारख्या महागड्या वस्तू एका उन्हाळ्यातही जुन्या होतात. सध्या मी बजाजनगरातल्या एका घराच्या गच्चीवर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांखाली पडले आहे. तुम्हाला माझी कीव यावी म्हणून मी बोलत नाही. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून बोलते आहे.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. अंगात हवेच्या कप्प्यांच्या रांगा, सोबत एक छोटा विजेचा पंप आणि हातात धरायचा रिमोट. पंप एका रांगेत हवा भरी आणि दुसरीतली ओढून घेई. त्यामुळे माझ्यावर निजलेल्या माणसाचा भार एकाच जागी राहत नसे. बटण दाबले की डोक्याकडची बाजू वर उचलली जाई. माझ्या खोक्यावर एका हसऱ्या आजीबाईचे चित्र होते.

बद्रीनाथने मला आणले ते त्याच्या आईसाठी, चतुराबाईंसाठी. त्यांचे एक अंग लुळे पडले होते. बोलणे शाबूत होते, पण आपले आपण कुशीवर वळता येत नव्हते. डॉक्टरांनी बजावले होते की दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. मी येईपर्यंत बद्रीनाथ आणि त्याची बायको गीताबाई ते काम करत. एकाने खांद्याला धरायचे, दुसऱ्याने कमरेला. वळवता वळवता दोन शब्द बोलणे होई, पाठीला पावडर लागे. हे सगळे मला चतुराबाईंच्या तोंडून कळले, कारण मी आले आणि ते हात मोकळे झाले.

माझे कौतुक मात्र फार झाले. शेजारीपाजारी मला बघायला येत. बद्रीनाथ रिमोट दाबून दाखवी आणि म्हणे, "मायला कायबी कमी पडू देत नाय आपण." चतुराबाई बिचाऱ्या माझ्यासोबत वर-खाली होत. लोक माझ्याकडे बघत, त्यांच्याकडे कोणी बघत नसे.

ते दुष्काळाचे वर्ष होते. नळ आठवडा आठवडा कोरडे आणि टँकरभोवती भांडणे. तरी वसाहत वाढतच होती. कारखान्यांत नव्याने लागलेल्या पोरांना भाड्याच्या खोल्या हव्या होत्या, म्हणून बद्रीनाथने घरावर मजला चढवायला घेतला. स्लॅब पडला आणि दुसऱ्याच दिवशी हौदावरची मोटार जळाली. नव्या स्लॅबला पाणी मारले नाही तर तडे जातात. बादल्या वर नेऊन नेऊन बद्रीनाथ मेटाकुटीला आला. मग खाली येऊन तो माझ्या पंपाकडे टक लावून बघू लागला.

"हवा ओढतो, तसं पाणी बी ओढील की," तो म्हणाला.

"अहो, पण मायची गादी बसंल ना," गीताबाई म्हणाल्या.

"तासाभराचं काम हाय. काय होतंय?"

त्याने माझी नळी उपटली आणि पंप हौदाशी नेला. पंपाने हौदातले घोटभर पाणी ओढले, घरघर केली आणि तो कायमचा बंद पडला. मी चतुराबाईंच्या पाठीखाली हळूहळू बसत गेले. शेवटी त्यांचे माकडहाड खालच्या फळीला टेकले.

"बद्री, टोचतंय रं," त्या म्हणाल्या.

"कंपनीला फोन लावलाय, माय," तो जिन्यावरूनच ओरडला.

कंपनीच्या फोनवर नुसती गाणी वाजत. एकदा कोणीतरी उचलला आणि सांगितले की पाणी शिरल्यावर गॅरंटी नाही, सुटा पंप मिळत नाही, अख्खी गादीच नवी घ्या. शहागंजातल्या मिस्त्रीने पंप उघडला आणि कपाळाला हात लावला. "भाई, ये हवा का है, पानी में कायकू डाले? इसका सामान इधर नै मिलता." मग बद्रीनाथने सायकलच्या पंपाने मला फुगवले, तेव्हा एक सांधा उसवला. पंक्चरवाल्याचे ठिगळ उन्हाच्या काहिलीत सुटले.

स्लॅबला मात्र सकाळ-संध्याकाळ पाणी मिळे. त्यावर पसरलेले गोणपाट कोणी वाळू देत नसे. दोघे नवरा-बायको बादल्या घेऊन आमच्या शेजारून जिना चढत. चतुराबाई म्हणत, "जरा कुशीवर करता का?"

"गादी व्हईल नीट, माय. उद्या माणूस येणार हाय."

असे कितीतरी उद्या आले आणि गेले.

एक दिवस देवगाव रंगारीहून चतुराबाईंची धाकटी बहीण द्वारकाबाई भेटायला आली. तिने चादर बदलायला घेतली आणि तिथेच थबकली. पाठीवर तळहाताएवढी जखम होती. मला ती आधीच ठाऊक होती, तिची ओल माझ्या कापडात उतरली होती.

"मावशी, गादी बिघडली," बद्रीनाथ चाचरत म्हणाला. "दुरुस्तीवाला येतो येतो म्हणून..."

"गादी बिघडली व्हय? अन् तुमचे हात? ते बी दुरुस्तीला टाकलेत का रं?"

तिने पदर खोचला आणि एकटीने बहिणीला अलगद कुशीवर वळवले. चतुराबाईंनी डोळे मिटले. "लई बरं वाटलं गं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई त्यांना गावी घेऊन गेली. जखम भरली नाही. चतुराबाई तिकडेच वारल्या.

मला बद्रीनाथने गोणपाटावर पसरले, ओल टिकावी म्हणून. स्लॅबला एकही तडा गेला नाही. आता त्याखालच्या खोल्यांत भाडेकरू राहतात.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असे माझ्या जागी दुसरी कोणी सांगेल. मी नाही सांगत. मी मोडले तर खुशाल मोडू द्या. पण तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर माझ्या दुरुस्तीची वाट बघू नका. एक हात खांद्याखाली घाला, एक कमरेखाली.