मास्तर, खिडकीपाशी उभे राहा

मित्रांनो, मी एक जुनी कागद कापायची मशीन आहे. टेबलाच्या कोपऱ्यावर मावेन एवढीच. पण स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही. रक्त कसलं म्हणा, पट्टा आणि दोन रूळ आहेत. कारखान्यात पहिल्यांदा अंगात वीज आली तेव्हाच मी इकडून तिकडे सुसाट धावले होते.

माझं काम ऐकायला सोपं वाटतं. प्रिंटर चित्रं छापतो आणि कागदाच्या कोपऱ्यांत काळ्या खुणा सोडतो. माझ्या पात्याशेजारी एक बारीक डोळा आहे. त्याने त्या खुणा शोधायच्या, मग पात्याने चित्राच्या कडेकडेने फिरायचं. पण खूण दिसण्यात जरा गफलत झाली की अख्खं पान चुकतं. घोड्याची शेपटी कागदावरच राहते आणि घोडा बांडा होऊन बाहेर पडतो.

माझ्या मालकिणीला मी ताई म्हणते. तिने मला मोठ्या हौसेने घरी आणलं. वह्यांवरची नावं, बरण्यांची लेबलं, काय काय कापलं मी! शेजारणी म्हणायच्या, "किती सुबक कापते गं तुझी मशीन!" मग हौस फिटली आणि मी दोन वर्षं कपाटावर धूळ खात पडले. नुसतं पडून राहायचं म्हणजे शिक्षाच की हो!

मग ताईचे बाबा राहायला आले. ते शिंपी होते. चाळीस वर्षं त्यांनी कापड बेतलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. आता त्यांना विसर पडू लागला होता. बाथरूम समजून ते बाहेरचं दार उघडत आणि जिना उतरून चालू लागत. दोनदा शेजाऱ्यांनी त्यांना परत आणलं. तेव्हा ताईचा मोठा भाऊ फोनवर म्हणाला, "आता बास. मी रविवारी येतो आणि बाबांना संस्थेत ठेवतो. तिथे चोवीस तास माणूस असतो."

"रविवारपर्यंत दम धर रे दादा," ताई म्हणाली. "मी प्रत्येक दारावर चित्र लावते. चित्रं त्यांना अजून कळतात."

तिने मला खाली काढलं, पुसलं आणि या वेळी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं. मी जीव तोडून धावले, आणि पहिलंच पान बिघडलं. नळ अर्धा, पलंगाला पाय नाहीत! मास्तरांनी स्टिकर उलटसुलट करून पाहिला. "हे काय आहे? कापणाऱ्याचा हात हललाय," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईने पातं बदललं, कागद धरणारी चिकट मॅट नवी आणली, प्रिंटर चित्र लहान तर करत नाही ना, तेही मोजून पाहिलं. तरी काप सरकलेलाच. कारण मला ठाऊक होतं! खिडकीतलं सकाळचं ऊन थेट चकचकीत कागदावर पडत होतं आणि काळ्या खुणा मला धड दिसतच नव्हत्या. पण सांगणार कशी? मी आपली घरघरत राहिले.

मास्तरांनाही एका जागी चैन पडत नसे. माझा आवाज आला की ते येत आणि टेबल नि खिडकी यांच्या मधोमध, पाठीमागे हात बांधून उभे राहत. "बाबा, उजेड अडवू नका ना," म्हणत ताई त्यांना बाजूला करी. अगं, राहू दे की त्यांना! मी आतल्या आत तडफडत असे.

शनिवारी ताई रडकुंडीला आली. कागद संपत आले होते. मास्तर पुन्हा येऊन उभे राहिले, पण त्यांना हलवायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. त्यांची सावली कागदावर पडली. सगळ्या खुणा मला लख्ख दिसल्या, आणि मी जी धावले! नळ पुरा. पलंग चांगला चार पायांचा. मास्तरांनी कडेवरून अंगठा फिरवला. "हं. आता बेत जमला," ते म्हणाले.

ताईने पानाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "बाबा, जरा बाजूला व्हा." पुढचं पान चुकलं. "आता या परत." बरोबर! ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता रडली. पडदा ओढला असता तरी भागलं असतं, हे तिला कळत नव्हतं थोडंच! तिने पडद्याला हात लावला नाही. "मास्तर, तुमच्याशिवाय इथे काम होत नाही. उद्यापासून रोज यायचं," ती म्हणाली.

रविवारी भाऊ आला तेव्हा दारादारावर चित्रं लागली होती. नळाचं चित्र पाहून मास्तर बरोबर बाथरूममध्ये गेले आणि परत येऊन खिडकीपाशी उभे राहिले.

"बाबा, चला. गाडी खाली उभी आहे," भाऊ म्हणाला.

"कोण आपण?" मास्तरांनी विचारलं. भावाचा चेहरा पडला. मास्तर म्हणाले, "बसा जरा. काम चालू आहे. मी हललो तर माल वाया जाईल."

भाऊ बसला. माझं पान संपलं. मग त्याने ताईला हळूच विचारलं, "माझा फोटो छापता येईल का गं या कागदावर? त्यांच्या पलंगाशेजारी लाव. मी दर रविवारी येईन."

मित्रांनो, मशीन असो की म्हातारं माणूस, चुकलं म्हणून त्याला टाकून देऊ नका. त्याला नीट काम का जमत नाही, ते आधी शोधा. बरं, आता मला थांबवू नका. मास्तर जागेवर उभे आहेत, दादाचा फोटो छापून आलाय, आणि त्याचे कान चांगलेच मोठे आहेत. जपून कापायला हवं.