बारीक जेट

प्रेमानंदनं ती चारचाकी बाईक हैदराबादजवळच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून आणली होती. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची, जाड टायरची. दुबलगुंडी गावच्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो तिथूनही ती निघून जायची, म्हणून त्याच्या बायकोनं, पंचशीलानं, ती लगेच शिकून घेतली. शेतावरचा डबा, फवारणीचा पंप, कधी मागच्या कॅरियरवर सासू. सरुबाई सुरुवातीला डोळे मिटून बसायची. नंतर वाटेत भेटणाऱ्यांना हात करायला लागली.

पावसाळा संपल्यावर प्रेमानंदच्या डोक्यात शर्यतीचं खूळ शिरलं. त्यानं जुने सायलेन्सर काढून मधे फुगीर असलेले दोन नवे पाइप बसवून घेतले. हुमनाबादचे मेकॅनिक हावगेप्पा अण्णा तेव्हाच म्हणाले होते, "पाइप मोकळे झाले की इंजिन हवा जास्त ओढतंय. तेवढं पेट्रोल द्याय पायजे. न्हाई तर आत कोरडं जळतंय आन् पिस्टन वितळतोय." त्यांनी कार्बोरेटरमधले जेट बदलले. जेट म्हणजे पितळेचा लहानसा स्क्रू, मधोमध भोक. भोक मोठं, तर पेट्रोल जास्त.

"थंडी पडली की एकदा घेऊन ये," अण्णांनी निघताना बजावलं. "गार हवा दाट असतीय. आजून थोडं मोठं जेट लागंल."

पण मोठ्या जेटवर बाईक हळू चालवली की गुरगुरायची, धूर ओकायची. प्रेमानंदला ते सहन होईना. एका रविवारी त्यानं अंगणात कार्बोरेटर उघडला आणि बारीक जेट घातले.

"अण्णांना विचारलाव का?" पंचशीलानं विचारलं.

"कामून विचारू? आवाज ऐक की. कसा साफ झालाय."

आवाज खरंच साफ झाला होता. धूर गेला. हँडलवरचा वेगाचा खटका अंगठ्यानं नुसता दाबला की बाईक उडी घ्यायची. इतकी चांगली ती कधीच चालली नव्हती. पंचशीलाला फक्त एक गोष्ट खटकली. अंगठा काढल्यावर आवाज लगेच खाली येत नव्हता, थोडा वेळ वरच लटकून राहायचा. तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, नवे पाइप हायेत, बसतील.

तूर काढणीला आली तेव्हा थंडी कडाक्याची होती. प्रेमानंद बीदरला गेलेला. पंचशीला सकाळीच सासूला मागं बसवून शेताकडं निघाली. सरुबाईच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं, हातात विळा. वाऱ्यानं पंचशीलाची बोटं बधिर झाली होती.

वाट पाझर तलावाच्या बांधावरून जाते. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला दगडांचा उतार, आणि मधे बाईकपुरतीच जागा. बांधाच्या तोंडाशी तिनं वेग कमी करायला अंगठा काढला.

वेग कमी झाला नाही.

उलट आवाज चढला. कुणी दुसऱ्यानंच दाबल्यासारखा. तिनं अंगठ्याजवळचा खटका हलवून पाहिला, तो मोकळा होता, पूर्ण परत आलेला. तरी बाईक पुढं धावत होती. तिनं ब्रेक दाबला. मागची चाकं ढकलत राहिली, पुढचं तोंड पाण्याकडं वळलं.

"पंचशीला! सावकास!" सरुबाई ओरडली.

तिनं लाल बटण दाबलं. इंजिन बंद व्हायला हवं होतं. झालं नाही. परत दाबलं, परत. आणि तेव्हा कुठं तिला क्लच आठवला. डाव्या हातानं तिनं तो आवळला आणि ब्रेकवर सगळा भार टाकला. बाईक घसरत थांबली. पुढचं एक चाक बांधाच्या कडेवरून पाण्याच्या बाजूला लोंबत होतं.

चाकं थांबली, इंजिन नाही. आता ओझं नव्हतं, त्यामुळं ते किंचाळायलाच लागलं. पाइप तापून वास येत होता. तिनं पायानं गिअर काढायचा प्रयत्न केला. गिअर निघत नव्हता.

"आत्या, उतरा! या अंगानं उतरा!"

"उतराय येईना गं माय! लुगडं गुतलंय!"

पंचशीलानं मान वळवली. लुगड्याचा सोगा साखळीत गेला होता आणि सासूच्या कमरेपर्यंत ताणला होता. साखळी थांबली होती ती फक्त क्लचमुळं. क्लच होता पंचशीलाच्या डाव्या हातात. आणि त्या हाताची बोटं तिला जाणवत नव्हती.

हात सुटला तर काय होईल हे तिला स्पष्ट दिसलं. आधी सासू साखळीत, मग दोघी पाण्यात. तिनं हाताकडं बघायचं टाळलं.

"आत्या, विळा हाय का हातात?"

"हाय."

"कापा लुगडं. लौकर कापा."

सरुबाईनं एका हातानं कॅरियर धरलं आणि दुसऱ्यानं विळा चालवायला सुरुवात केली. सुती कापड, दुहेरी पीळ पडलेलं. पंचशीलानं उजवा हात ब्रेकवरून काढला, पाय मात्र मागच्या ब्रेकवर तसाच दाबून धरला, आणि वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला. पेट्रोल तुटलं की इंजिन मरेल, असं तिला वाटलं होतं. क्षणभरानं आवाज आणखी चढला. तिच्या तोंडून रडल्यासारखा आवाज निघाला. क्लचची दांडी बोटांतून हळूहळू सरकत होती. बाईकनं पुढं एक हिसका दिला.

"आये!" सरुबाई किंचाळली.

पंचशीलानं जिवाच्या आकांतानं मूठ परत आवळली. पेट्रोल कमी झालं तर हे चढतंय, तिच्या मनात आलं. मग जास्त द्यायला पाहिजे, गार इंजिन सुरू करताना देतात तसं. चोक. प्रेमानंद चोक परत ढकलायला विसरला की बाईक धुरानं गुदमरून बंद पडायची, हे तिनं किती वेळा पाहिलं होतं. तिनं कॉक परत उघडला आणि आडवं वाकून उजवा हात इंजिनापाशी घातला. मनगट तापलेल्या लोखंडाला लागलं, कातडी चरचरली. तिनं हात काढला नाही. चोकची घुंडी सापडली, तिनं ती ओढली.

इंजिन ठसकलं. पाइपांतून काळपट धूर आला, आवाज अडखळत खाली आला, आतून काहीतरी खरडल्यासारखं झालं आणि सगळं थांबलं.

सरुबाईनं उरलेलं लुगडं कापलं आणि उतरून बांधावर बसली. पंचशीलाची बोटं क्लचवरून सुटेनात. शेवटी सासूनंच उठून एकेक बोट सोडवलं आणि तिचं डोकं छातीशी धरलं.

अण्णांनी इंजिन उघडलं तेव्हा एका पिस्टनच्या डोक्याला भोक पडायला आलं होतं आणि अंगावर उभे ओरखडे होते. कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या रबराला चीर होती. तिथून फुकटची हवा आत जात होती. बारीक जेट, गार हवा आणि वर ती चीर. आत ठिणगी पाडणारा प्लग निखाऱ्यासारखा लाल झाला होता, म्हणून बटण दाबून ठिणगी तुटली तरी जाळ विझला नाही.

"जेट ह्यानं बदललं," अण्णा प्रेमानंदकडं न बघता म्हणाले. "पर रबर मी बघाय पायजे होतं. नवे पाइप घातले त्या दिशीच."

प्रेमानंद पंचशीलाच्या मनगटावरची पट्टी बघत राहिला. "इकून टाकू," तो म्हणाला.

"इकू नगा. चूक सुधारा," पंचशीला म्हणाली. "आन् थंडीतच सुधारा, माझ्यासमोर."

पुढच्या आठवड्यात, गारठा असतानाच, अण्णांनी नव्या पिस्टनवर मोठे जेट घातले. बाईक माळावर पळवायची, थांबवायची, प्लग काढून बघायचा. प्लग पांढरा म्हणजे पेट्रोल कमी; तो पांढरा असेपर्यंत जेट वाढवत नेले. प्लग चॉकलेटी आला तेव्हा त्यांनी मान हलवली. शेवटची फेरी पंचशीलानं मारली. अंगठा काढल्याबरोबर आवाज खाली बसला. तरी उतरल्यावर तिचा डावा हात कोपरापर्यंत दुखत होता.

ती आजही बाईक चालवते. बांध आला की उतरते, इंजिन बंद करते आणि पलीकडंपर्यंत ढकलत नेते. जड जाते, पण कुणाला हात लावू देत नाही. सरुबाई परत कधी मागं बसली नाही. ती डोक्यावर गाठोडं घेऊन पायीच निघते आणि पाण्याच्या अंगानं चालत नाही.