बुधवारच्या व्याख्यानाची घंटा

मी घंटा बोलतेय. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका लोहाराने मला घडवलं ते गाईच्या गळ्यासाठी. बारा वर्षं मी क्लोव्हर नावाच्या गाईबरोबर धुक्यात चरायला जात होते. ती गेली, गोठा मोडला आणि मालकिणीने मला गावच्या वाचनालयात नेऊन दिलं.

ग्रंथपाल अर्डिसबाईंनी मला काम दिलं. दर बुधवारी दुपारी बारा वाजता वाचनालयाच्या तळघरात कुणी जाणकार निसर्गावर बोलतो. कधी वटवाघळं, कधी शेवाळ, कधी लवकर वितळणारा बर्फ. लाकडाच्या गिरणीतली, पोस्टातली, रस्त्याच्या कामावरची माणसं आपापले डबे खात ऐकतात. एकला सगळ्यांना कामावर परतायचं असतं. म्हणून एकला दहा कमी असताना मी वाजते. मी वाजले की वक्त्याने वाक्य तोंडातच ठेवून थांबायचं. उरलेली दहा मिनिटं लोकांची. मोठमोठे प्राध्यापक माझ्यापुढे गप्प झालेत! खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्वही होता.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये थेआ पेल्की बोलायला उभी राहिली. याच गावची मुलगी. लहानपणी पहिल्या रांगेत बसून सँडविचचे काठ टाकून द्यायची. दूर शिकून ती परत आली होती, इथल्या ओढ्यासाठी. पूर्वी वसंतात समुद्रातून रुपेरी मासे त्या ओढ्याने तळ्यापर्यंत अंडी घालायला चढत. मग रस्त्याखाली अरुंद पाइप बसला. त्याचं खालच्या बाजूचं तोंड पाण्यापासून हातभर उंच. या माशांना उडी मारता येत नाही. आता तो पाइप गंजला होता आणि रस्त्यांचे प्रमुख मर्ल डॉयन शुक्रवारी नवा मागवणार होते. तेवढाच अरुंद. तो एकदा बसला, की पुढची चाळीस वर्षं ओढा बंद.

मर्ल तिसऱ्या रांगेत उकडलेलं अंडं सोलत बसले होते. त्यांना पटवायचं, एवढंच थेआला करायचं होतं. पण पोरगी आकड्यांत शिरली ती शिरलीच. तक्त्यावर तक्ता. मागे कुणीतरी चिप्सची पिशवी हळूच उघडायला गेलं आणि ती जास्तच वाजली.

घड्याळाचा मोठा काटा दहावर आला. अर्डिसबाईंनी मला उचललं. माझा आवाज बसावा, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"म्हणून माझी विनंती आहे की, नवा पाइप..."

मी वाजले. थेआ थांबली. रीत तिच्या अंगात भिनलेली होती. तिचे डोळे भरून आले.

मर्लनी तोंडातलं अंडं गिळलं. "काय गं थेआ, तुझे मासे शिडी मागतात की काय?"

लोक हसले.

"नाही, मर्लकाका. रुंद पाइप मागतात. ओढ्याहून रुंद, आणि तळाशी वाळू."

"दर वसंतात त्या पाइपात फांद्या अडकतात, पाणी तुंबतं, रस्ता वाहून जातो. दोन-दोनदा खडी टाकून माझी कंबर गेली. रुंद पाइप तुंबेल का?"

"क्वचितच."

"अगं, मग हे आधी बोलायचं ना! तासभर मासे मोजत बसलीस. गावच्या कारभारी मंडळाला मी समजावतो. तू उद्या सकाळी सातला ये, ओढा मोजू. बूट घालून ये, त्या शहरी चपला नकोत."

थेआ हसता हसता रडली. अर्डिसबाईंनी मला पोटाशी धरलं.

रुंद पाइप बसला. या मे महिन्यात अर्डिसबाई मला कोटाच्या खिशात घालून ओढ्यावर घेऊन गेल्या. मर्ल गुडघाभर पाण्यात उभे होते आणि त्यांच्या बुटांना घासत मासे वर चालले होते. "सत्तेचाळीस," ते ओरडले, "अठ्ठेचाळीस! अगं थेआ, लिहून घे की!"

आता माझा लोलक गळून पडलाय. अर्डिसबाई मला सूपच्या चमच्याने वाजवतात. आवाज थोडा बद्द येतो, पण पोचतो. तुमच्याही गावात कुणी जाणकार बोलत असेल, तर डबा घेऊन जा. आणि घंटा झाली म्हणून लगेच उठू नका. मनातलं विचारा. अंडं तोंडात असलं तरी चालेल.