आईच्या माहेरची माणसं

कस्तुरीच्या छातीत लागलेली गाठ साधी निघाली, तरी क्लिनिकमधल्या नर्सने तिला लगेच सोडलं नाही. जन्मदाती आई एकतिसाव्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सरने गेली, हे ऐकल्यावर तिने एका कोऱ्या कागदावर चौकोन आणि गोल काढायला घेतले. आईची आई कशाने गेली? आईला बहिणी होत्या का? आजोबांच्या घरात कोणाला असा आजार होता का? प्रत्येक प्रश्नाला कस्तुरीचं उत्तर एकच होतं, माहीत नाही. नर्स म्हणाली, जीन्सची टेस्ट करू, पण घरची माहिती जितकी मिळेल तितकं बरं. कोणाला तरी विचारून या.

विचारायचं कोणाला, हीच तर अडचण होती.

कस्तुरीचे वडील पुरुषोत्तम नागपूरचे. सत्तरच्या दशकात वॉटफर्डच्या एका छपाईच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि तिथल्या हॉस्पिटलमधल्या शीना मॅकॉल नावाच्या नर्सशी लग्न केलं. शीनाचे वडील मूळचे स्कॉटलंडचे, आई वेल्सची. काळ्या माणसाशी लग्न करणार असशील तर आम्हाला मुलगी नाही, असं सांगून त्यांनी दार लावून घेतलं, लग्नाला त्यांच्याकडचं चिटपाखरूही आलं नाही, हे पुरुषोत्तम आयुष्यभर सांगत आले होते. मंडळाच्या गणपतीत, दिवाळीच्या जेवणात, नव्याने आलेल्या आयटीतल्या पोरांना धीर देताना. ऐकणारे हळहळायचे. कस्तुरी चार वर्षांची असताना शीना गेली, आणि ती सहा वर्षांची झाल्यावर पुण्याहून सुहासिनी त्यांची दुसरी बायको म्हणून आली. सुहासिनीला स्वतःचं मूल झालं नाही. तिने कस्तुरीला मराठी अक्षरं गिरवायला लावली, तिच्या प्रत्येक पोहण्याच्या स्पर्धेला बाकावर बसून राहिली. कस्तुरी तिलाच आई म्हणायची. जन्मदातीचा उल्लेख ‘शीना’ असा करायची.

शीनाच्या माणसांचा तिने मनापासून द्वेष केला होता. केंब्रिजला शिकताना रीस नावाच्या एका वेल्श मुलाशी तिचं जमलं होतं. त्याने ईस्टरला आईवडिलांकडे वेल्समध्ये बँगोरला चल म्हटलं, तेव्हा तिने एका आठवड्यात सगळं तोडून टाकलं. त्याला कारणही सांगितलं नाही. पुढे तिने साकेतशी लग्न केलं आणि बेसिंगस्टोकला संसार थाटला. सुखाचा संसार होता. पण रीसचा तो गोंधळलेला चेहरा अधूनमधून आठवायचा, आणि मग ती स्वतःला समजवायची की त्या माणसांच्या घरात अपमान करून घेण्यापेक्षा हेच बरं झालं.

नर्सचे प्रश्न घेऊन तिने वडिलांना फोन केला. ते नेहमीचंच बोलले. मेली असतील सगळी, त्या लोकांचं मला काही माहीत नाही, तू कशाला त्या भानगडीत पडतेस.

म्हणून ती जुन्या नोंदींकडे वळली. तिला वाटलं होतं, एका वीकएंडचं काम आहे. शीनाचा जन्म उत्तर वेल्समध्ये नोंदवलेला सापडला. शीनाच्या आईचं नाव नेस्टा, माहेरचं आडनाव जोन्स. त्या भागात जोन्स इतके की कोणत्या नेस्टा जोन्सचे आईवडील कोण, याचा पत्ताच लागेना. तिथल्या चॅपेलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, नोंदी वेल्शमध्ये, आणि त्यातल्या बाया एकाच नावाच्या. वेल्सची वाट तिथेच बंद झाली.

स्कॉटलंडची मात्र उघडी होती. तिथल्या मृत्यूच्या नोंदीत मेलेल्या माणसाच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही. आणि कारण तर असतंच. आजोबा डंकन मॅकॉल बालाहूलिश नावाच्या गावचे. तिथे छपरांसाठीची स्लेट काढायच्या खाणी होत्या, त्या बंद पडायच्या बेतात आल्यावर ते तरुणपणीच वेल्सच्या खाणीत कामाला गेले होते. कस्तुरीने त्यांची आई शोधली, फ्लोरा. वय एकेचाळीस, स्तनाचा कॅन्सर. फ्लोराची बहीण, अडतीस, तेच. फ्लोराची आई, कारण नुसतं ‘गाठ’ असं लिहिलेलं. ऑफिसच्या कँटीनमध्ये लॅपटॉप उघडून ती या नोंदी वाचत होती. समोरचं सूप गार होऊन गेलं. रोग आजोबांच्या बाजूने आला होता, म्हणजे तो शीनापर्यंत आणि शीनाकडून तिच्यापर्यंत आला असण्याची शक्यता चांगलीच होती.

डंकनला आणखी किती मुलं होती, तो कधी गेला, हे शोधायचं होतं. इंग्लंडमधल्या लग्नाच्या दाखल्यावर वधूचे वडील हयात नसतील तर बऱ्याचदा तसं लिहितात, एवढ्यासाठी तिने आपल्या आईवडिलांच्या लग्नाच्या दाखल्याची प्रत मागवली. पोस्टाने ती आली. वडील डंकन मॅकॉल, धंदा स्लेटच्या खाणीत कामगार. हयात होते. आणि खाली, साक्षीदार म्हणून दोन सह्या. डी. मॅकॉल. नेस्टा मॅकॉल.

ज्यांनी दार लावून घेतलं होतं, ते वॉटफर्डच्या रजिस्टर ऑफिसात मुलीच्या शेजारी उभे होते.

कस्तुरीने साकेतला दाखला दाखवला. तो म्हणाला, बाबांना विचार. ती म्हणाली, आधी नाही. तिला पहिल्यांदाच वडिलांच्या उत्तरावर विश्वास वाटत नव्हता.

शीनाच्या गावच्या, ब्लायनायच्या कबरींची यादी ठेवणाऱ्या एका संस्थेला तिने फोन केला. फोनवरच्या म्हाताऱ्या बाईंना शोधावं लागलंच नाही. डंकन बऱ्याच वर्षांपूर्वी गेला, नेस्टा अगदी अलीकडे, म्हणजे दहा-एक वर्षं झाली असतील, आणि नेस्टाची धाकटी मुलगी ग्वेन त्यांच्याच रस्त्यावर राहते. त्यांनी कस्तुरीचा नंबर लिहून घेतला. तासाभरात ग्वेनचा फोन आला. ती म्हणाली, “तू कधी आम्हाला शोधशील, असं मला वाटलं नव्हतं. तुला आम्ही नको आहोत, असं तुझ्या घरच्यांनी सांगितलं होतं.”

त्या शनिवारी कस्तुरी आणि साकेत गाडीने ब्लायनायला गेले. ग्वेनने दार उघडलं. शीनाचे जे दोनतीन फोटो बघत कस्तुरी वाढली होती, त्यांतला चेहरा म्हातारा होऊन समोर उभा होता.

ग्वेनने सगळं सांगितलं, आणि सांगताना आवाज कुठे चढवला नाही. घरात पुरुषोत्तम सगळ्यांना आवडायचा. डंकन त्याच्याशी तासन्‌तास यंत्रांवर बोलायचा. शीना गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात पुरुषोत्तमने स्वतःच कस्तुरीला इथे आणून ठेवलं, कारण त्याच्या शिफ्ट होत्या आणि घरी कोणी नव्हतं. नेस्टा नातीशी वेल्शमध्ये बोलायची. सुट्टी संपताना तो न्यायला आला, तेव्हा कस्तुरी नेस्टाच्या स्कर्टमागे लपली. वेल्शमध्ये म्हणाली, या माणसाबरोबर मी जाणार नाही. ती काय म्हणाली, ते त्याने नेस्टाला विचारलं, आणि नेस्टाने खरं ते सांगितलं. त्याने रडत्या पोरीला उचलून गाडीत घातलं. त्यानंतर घर बदललं, फोन बदलला. पुन्हा कधी आला नाही.

“आणि मला तुम्ही नको आहात, हे कोणी सांगितलं?” कस्तुरीने विचारलं.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वी ग्वेनला कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, घराण्यातला आहे, बहिणीच्या मुलीला कळवा. तिने शोधून शोधून वॉटफर्डच्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर पुरुषोत्तमचं नाव काढलं, नंबर लावला. फोन एका बाईने उचलला. ग्वेनने आजाराचं सगळं नीट सांगितलं, कस्तुरीला तपासून घ्यायला सांगा म्हणाली. बाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, कस्तुरीला तुमच्याशी कसलाही संबंध नको आहे, कृपा करून पुन्हा फोन करू नका. ते ग्वेनने नेस्टाला सांगितलं. नेस्टा त्यानंतर चारेक वर्षं जगली, आणि नातीला आपण नकोशा आहोत, हेच मनात घेऊन गेली.

परतताना गाडीत कस्तुरी त्या फोनचाच विचार करत होती. वडिलांचं खोटं तिला दाखल्यावरून कळलंच होतं. फोनवरची बाई सुहासिनी असेल, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटी वॉटफर्डला गेली. सुहासिनीने तिच्यासाठी वरण-भात लावला होता. कस्तुरीने पानावर बसायच्या आधीच दाखला टेबलावर ठेवला.

“बाबा, लग्नाला कोण आले होते?”

पुरुषोत्तम नेहमीची गोष्ट सुरू करणार होते. मग त्यांची नजर सह्यांवर गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही.

“मी ब्लायनायला जाऊन आली,” ती म्हणाली. चिडली की तिचं मराठी घसरायचं. “ग्वेनने मला सगळा सांगितलं.”

“तू मला ओळखलं नाहीस,” ते हळूच म्हणाले. “शीना गेली होती. माझ्याकडे तू एकटी होतीस, आणि तू त्या बाईच्या मागे लपलीस. मला वाटलं, पुढच्या वेळी तू परत येणारच नाहीस. मग तू विचारायला लागलीस, ती आजी कुठे आहे. काहीतरी सांगावं लागलं.”

“काहीतरी? तुम्ही मला सांगितलं की त्यांना माझा रंग नको होता. मी आरशात बघून रडायची, बाबा.”

कस्तुरी सुहासिनीकडे वळली. ती ओट्याला टेकून उभी होती, हातातला डाव तसाच.

“फोन तू घेतला होतास?”

“हो,” सुहासिनी म्हणाली. तिने आढेवेढे घेतले नाहीत. “मला भीती वाटली. रक्ताची माणसं भेटल्यावर तू मला आई कशाला म्हणशील? पण मी गप्प नाही बसले, कस्तुरी. तपासून घे, दरवर्षी तपासून घे, म्हणून तुझ्या किती मागे लागायचे, आठव.”

कस्तुरीला आठवत होतं. शीना तरुणपणी गेली, म्हणून ही मागे लागते, असं ती समजायची. तिला ते आवडायचं. मैत्रिणींना ती कौतुकाने सांगायची, माझी आई बघ, सख्खी नसून किती काळजी करते.

“तुला सगळं माहीत होतं,” ती म्हणाली. “मी मेली असती तरी तू सांगितलं नसतं.”

सुहासिनी खुर्चीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. पुरुषोत्तम तिच्या पाठीवर हात ठेवायला उठले. कस्तुरी मात्र जागची हलली नाही. तिलाही त्या पाठीवर हात ठेवावासा वाटत होता, आणि तसं वाटण्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. पान तसंच टाकून ती निघाली.

जीन्सच्या टेस्टमध्ये दोष निघाला. डॉक्टरांनी पर्याय समजावले आणि कस्तुरीने कॅन्सर व्हायच्या आधीच दोन्ही स्तन काढून टाकायच्या ऑपरेशनचा निर्णय घेतला. ते व्यवस्थित पार पडलं. वॉटफर्डला साकेतने कळवलं, भेटायला येऊ नका असंही त्यानेच सांगितलं. जरा हिंडता-फिरता यायला लागल्यावर ती विश्रांतीसाठी ब्लायनायला गेली. ग्वेन स्वतः यातून गेलेली होती. उशी कुठे ठेवायची, हात किती वर न्यायचा, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

पुरुषोत्तमचे फोन येत राहिले. सुहासिनीने एकदाच मेसेज केला, मी येऊ का? कस्तुरीने उत्तर लिहिलं, अजून नको, आणि फोन उलटा ठेवला.

एके सकाळी ग्वेन म्हणाली, त्या दोघांना बोलवूया का. तो तेव्हा तरुण होता, बायको नुकतीच गेलेली. मी चाळीस वर्षं त्याच्यावर रागावून आता दमले.

“तू दमलीस, ग्वेन,” कस्तुरी म्हणाली. “मला तर आत्ता कुठे कळलंय.”

ग्वेनने पुन्हा आग्रह केला नाही. जखमेची पट्टी बदलायला नर्सकडे जायचं होतं. तिने कोट कस्तुरीच्या खांद्यावर अलगद घातला, बाह्या मोकळ्याच ठेवल्या, आणि दोघी गाडीकडे निघाल्या.